बारा नंबरची बेल

लॉग म्हणजे काय, हे मी अण्णांना एकदा समजावून सांगायला गेले होते. प्रोग्रॅम चालू असताना आपण काय काय करतोय ते तो स्वतःच एका फाइलीत ओळीओळीनं लिहून ठेवतो, त्या फाइलीला लॉग म्हणतात, असं मी म्हटलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे डेपोतली वही. त्यात एवढं कौतुक काय?" मग उलट मलाच शिकवायला लागले. कंडक्टर आपल्या कागदावर लिहितो, गाडी वेळेवर सुटली. पण डेपोच्या गेटवर एक माणूस बसलेला असतो, त्याची वही वेगळी. गाडीत कोण आहे, उशीर का झाला, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. गाडी दिसली की नंबर आणि वेळ टाकायची, एवढंच त्याचं काम. "भांडण झालं ना, की साहेब कंडक्टरचा कागद बघत नाही," अण्णा म्हणाले, "गेटवरची वही मागवतो."

अण्णा, म्हणजे माझे वडील, चौतीस वर्षं बसचे कंडक्टर होते. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. निवृत्त झाल्यावर लोक गणवेश परत करतात, ही सवय काही परत करता येत नाही. मी शाळेला निघाले की अण्णा दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करायचे, म्हणजे सूट आता. ताटात भाजी पुरे झाली की वाटीवर चमचा एकदा वाजवायचे. आई वैतागून म्हणायची, या माणसाशी लग्न करून मी बायको झालेच नाही, ड्रायव्हर झाले.

आई गेल्यावर आणि गुडघे गेल्यावर ते वृद्धांच्या एका निवासात राहायला गेले. स्वतःहून गेले, हे मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण मी त्यांना फारसं अडवलं नाही, हेही खरं आहे.

त्या निवासाची बेलची व्यवस्था माझीच. मी आणि माझा भागीदार, आम्ही दोघं मिळून छोट्या संस्थांसाठी प्रोग्रॅम लिहितो. भागीदाराला मी भिंग म्हणते, कारण प्रत्येक ओळीवर नाक टेकवून वाचल्याशिवाय तो पुढे जात नाही. निवासात चोवीस खोल्या. प्रत्येक खोलीत तारेला लोंबणारं एक बटण. ते दाबलं की पहिल्या मजल्यावरच्या डेस्कवर बेल वाजते आणि पडद्यावर खोलीचा नंबर येतो. सिस्टर जाते आणि खोलीच्या दाराजवळचं हिरवं बटण दाबते, म्हणजे 'पाहिलं'. मधे बसलेला असतो आमचा जावा या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. प्रत्येक बेलची आणि प्रत्येक 'पाहिलं'ची तो लॉगमध्ये एकेक ओळ लिहितो. नोंद म्हणून तेवढंच. वेगळी साठवण कर, असं भिंग म्हणाला होता. मी म्हटलं, लॉग आहे की! आमच्या धंद्यातला निम्मा आळस या एका वाक्यावर उभा आहे.

अण्णांची खोली बारा नंबरची. ते बटण नेहमी दोनदा दाबायचे. पहिल्या आठवड्यात सिस्टर लोकांची धांदल उडाली, काहीतरी भयंकर झालंय असं वाटून सगळ्या धावत यायच्या. अण्णांना हवा असायचा चष्मा. मग सगळ्यांना कळलं आणि त्यांचं नावच कंडक्टर पडलं. कुणी दारात रेंगाळलं की आतून आवाज यायचा, "पुढे सरका पुढे, आत भरपूर जागा आहे."

दर रविवारी मी जायचे. निघताना खोलीत निरोप घ्यायची पद्धत नव्हती. मी जिना उतरायला लागले की वर डेस्कवर बेल वाजायची, टिंग टिंग. गाडी सोडली. ड्युटीवरची सिस्टर हसून म्हणायची, "ताई, सोडलं हो तुम्हाला कंडक्टरांनी." आणि मी जायचे. तीन वर्षांत एकदाही चुकलं नाही.

त्या रविवारी मी पाचपर्यंत थांबणार होते. सव्वाचारला एका ग्राहकाचा फोन आला. त्याच्या वेबसाइटवरच्या बटणाचा निळा रंग त्याला पसंत नव्हता. फोन कानाला लावूनच मी उठले, पर्स घेतली, अण्णांना हातानंच खूण केली की निघते. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. ते काही बोलत होते का? यावर मी इतका विचार केलाय की आता मला त्यांचे ओठ हलतानाही दिसतात आणि मिटलेलेही दिसतात. मी जिन्यात असताना वर बेल वाजली. अण्णांनी सोडलं, असं मनात आलं. खाली अंगणात गाडीत बसून, काचा वर करून मी निळ्या रंगाचं बोलणं संपवलं आणि निघाले. पाच वाजायला वीस मिनिटं असताना सिग्नलला उभी होते, तेव्हा निवासातून फोन आला की अण्णा गेले.

डॉक्टर आले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. हृदय बंद पडलं. त्यांना बोलावणारा फोन गेला होता चार तेहतीसला, तोही निवासातल्या माळ्यानं केलेला. ड्युटीवरच्या सिस्टर एकट्याच वरच्या मजल्यावर होत्या. बाकी सगळे खाली बागेत गाण्याच्या कार्यक्रमाला. सिस्टरांचं म्हणणं असं: मी गेल्यागेल्या बारा नंबरची बेल वाजली. एकदाच वाजली. तीन वर्षांत कंडक्टरांनी एकच बेल कधी दिली नव्हती, म्हणून त्या पळत गेल्या. मिनिटभराच्या आत पोचल्या. अण्णा खुर्चीतून घसरले होते. त्यांना जमिनीवर निजवून सिस्टरांनी छाती दाबायला सुरुवात केली. फोन डेस्कच्या खणात, मजल्यावर फोन जवळ ठेवायचा नाही असा तिथला नियम. त्यांना सोडून जाता येईना. मधूनमधून त्या खोलीतलंच बटण दाबत राहिल्या, की कुणीतरी ऐकेल. माळी पाणी घालायला वर आला, त्यानं ऐकलं.

मला हे पटलं नाही. पटणार कसं? मी स्वतःच्या कानांनी टिंग टिंग ऐकलं होतं. अण्णांनी मला सोडलं होतं, म्हणजे तेव्हा ते ठणठणीत होते. म्हणजे दुखायला लागलं ते नंतर, बेल दिली ती नंतर, आणि ही बाई कुठेतरी बसून राहिली, उशिरा पोचली आणि आता 'एकच बेल, मी लगेच पळाले' अशी गोष्ट रचतेय. परदेशातून दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, फोनवर ओरडत होता, "सोडायचं नाही तिला. आज आपले अण्णा, उद्या दुसरं कुणी." मी तक्रार लिहिली. त्यात लिहिलं की निघताना वडिलांची नेहमीची दोनदा वाजणारी बेल मी स्वतः ऐकली आहे. खाली सही केली. सही करताना बरं वाटलं. राग हा रडण्यापेक्षा सोपा असतो, निदान त्यात काहीतरी करता तरी येतं.

निवासाच्या व्यवस्थापकाला अण्णा सूचनाफलक म्हणायचे, कारण त्यानं भिंतीभर 'येथे टेकू नये' लावून ठेवलं होतं. त्यानं मला त्या दिवसाचा लॉग पाठवला आणि फोन केला.

"मॅडम, तुमच्याच सिस्टिममध्ये दुपारी एकाही बेलची नोंद नाही. बारा नंबरची नाही, कुठलीच नाही. सिस्टरनी डेस्कवरचं यंत्र बंद करून ठेवलेलं दिसतंय. आवाजाचा त्रास होतो म्हणून करतात हे लोक असं."

"मग मी ऐकली ती बेल कुठली?"

"ती शेवटची. त्यानंतर केलं असेल बंद."

"पण त्या बेलचीही नोंद नाहीये ना?"

तो म्हणाला, "ते तुम्हीच बघा. शुक्रवारी अकराला तुमच्या तक्रारीवर निवासाच्या समितीची बैठक आहे. ठरल्यातच जमा आहे म्हणा. सिस्टरना काढतील आणि त्यांच्या नोंदणीवरही शेरा जाईल. म्हणजे पुन्हा कुठे सिस्टर म्हणून काम मिळायचं नाही."

फोन ठेवताना मला वाईट वाटलं नाही. ते लपवण्यात अर्थ नाही. मला तिला पकडायचं होतं, आणि पुराव्यानिशी पकडायचं होतं. म्हणून गुरुवारी सकाळी, अण्णांना जाऊन अकरा दिवस झाले असताना, मी ऑफिसात जाऊन तो लॉग उघडला.

फाइल नीट होती. सर्व्हर रोज सकाळी सहाला आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्याच्या ओळी होत्या. मग बेलच्या काही ओळी, सात वाजायच्या आतल्या. मग काहीच नाही. पण प्रोग्रॅम मेलेला नव्हता. दुपारी कुणीतरी औषधांची यादी उघडली त्याची ओळ होती, पाच वाजताच्या सिस्टरनी ड्युटी घेतली त्याची होती. नाहीशा झाल्या होत्या त्या फक्त बेल आणि 'पाहिलं'. डेस्कवरचं यंत्र बंद केलं असतं तर आवाज बंद झाला असता, ओळी नाही. ओळी सर्व्हरवर लिहिल्या जातात आणि सर्व्हर तळमजल्यावर कुलपात असतो. सिस्टरांनी ठरवलं असतं तरी त्यांना ते करता आलं नसतं. हे लक्षात आलं तेव्हा मला राग आला, सिस्टरांचा नाही, त्या फाइलीचा.

भिंग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला. नेहमीचे संशयित आम्ही एकेक करून सोडून दिले. डिस्क भरली होती का, नाही. कुणी लॉगची पातळी वाढवून साध्या ओळी बंद केल्या होत्या का, नाही, औषधांची यादी साधीच ओळ होती. लॉग लिहिणाऱ्या दोन लायब्रऱ्या, म्हणजे बाहेरून आणलेले तयार प्रोग्रॅम, एकमेकींच्या पायात येतात कधीकधी, दोन सुना एका स्वयंपाकघरात आल्यासारख्या. तसंही नव्हतं, एकच होती. ओळी दुसऱ्याच फाइलीत जात होत्या का? अख्खा सर्व्हर धुंडाळला, दुसरी फाइल नव्हती.

"आदल्या दिवशीचा लॉग उघड," भिंग म्हणाला.

उघडला. तिथेही तेच. सकाळी थोड्या ओळी, मग शांतता. त्याच्या आदल्या दिवशीही तेच. भिंग बोट ठेवून मोजायला लागला.

"अगं, सहा."

"काय सहा?"

"बेलच्या ओळी. रोज सहाच आहेत. 'पाहिलं'च्या पण सहाच. सर्व्हर चालू झाल्यावर पहिल्या सहा आणि मग बंद. हे कधीपासून आहे बघ."

बघायची गरज नव्हती.  हे सुरू झालं होतं अण्णा जायच्या सोळा दिवस आधी, शुक्रवारी, आणि त्या शुक्रवारी त्या सर्व्हरला हात लावणारी मी होते.

झालं होतं असं. सूचनाफलक दर महिन्याला लॉगवरून अहवाल काढायचा, कोणती खोली किती बेल देते याचा. बारा नंबर सगळ्यांच्या वर. दुप्पट. अर्थात, प्रत्येक बेल दोनदा ना! त्यानं मला सांगितलं की वडिलांना आता जास्त देखभालीच्या विभागात हलवावं लागेल, मागच्या इमारतीत. तिथे खिडक्या उंच आहेत, बसून बाहेरचा रस्ता दिसत नाही. अण्णांना दिवसभर बस बघायच्या असायच्या. मी त्याला समजावलं की ते दोनदा दाबतात, सवय आहे. तो म्हणाला, अहवालात सवयीचा रकाना नाही. मग मी म्हटलं, थांबा, मीच बघते. तेच तेच पुन्हा लिहिलं गेलं तर दुसरी ओळ टाकून देणारी एक तयार चाळणी मिळते, ती लॉगला बसवता येते. चार ओळींचं काम. मी ती बसवली, एकदा बटण दाबून ओळ आली बघितलं, आणि जेवायला गेले. अण्णांची दुसरी बेल लॉगमधून काढून टाकली की अहवालात ते इतरांसारखे दिसतील आणि खिडकी वाचेल, एवढंच डोक्यात होतं.

"तिची माहिती वाचली होतीस का?" भिंगानं विचारलं.

वाचली नव्हती. त्यानं ती उघडून मोठ्यानं वाचली. ती चाळणी पूर्ण वाक्य बघतच नाही. आमचं वाक्य प्रोग्रॅममध्ये असं लिहिलेलं, 'खोली अमुकची बेल', आणि अमुकच्या जागी मोकळी जागा, नंबर मागाहून भरायचा. चाळणी बघते ते नंबर भरायच्या आधीचं वाक्य. म्हणजे तिच्या लेखी चोवीस खोल्या नाहीतच, एकच कुणीतरी आहे आणि ते दिवसभर तेच तेच बडबडतंय. पहिल्यांदा ऐकून घ्यायचं, पाच वेळा पुनरुक्ती चालवून घ्यायची, आणि मग तोंडावर दार लावायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत.

"म्हणजे त्या ओळी कुठे गेल्या नाहीत," भिंग हळूच म्हणाला. "त्या लिहिल्याच गेल्या नाहीत."

मी उठून खिडकीशी गेले. वडिलांची शेवटची बेल मी स्वतःच्या हातानं पुसली होती, तीही ती वाजायच्या सोळा दिवस आधी. मला तिथेच रडू फुटलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. भिंगानं पाणी आणून ठेवलं, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

पाणी पिताना मला गेटवरचा माणूस आठवला.

आमच्या प्रोग्रॅमच्या अंगणाबाहेर वेब सर्व्हर असतो. बटण दाबलं की आत येणारी प्रत्येक विनंती त्याच्यासमोरून जाते, आणि त्याची स्वतःची वही असते. त्याला बेल म्हणजे काय हे माहीत नाही, चाळणी माहीत नाही. कुठून आली, कुठे गेली, किती वाजता, एवढंच तो टाकतो. आम्ही ती वही कधी उघडत नाही, कारण तीत वाचण्यासारखं काही नसतं. मी भिंगाला म्हटलं, "गेटवरची वही मागव." त्याला काही कळलं नाही, मग मी नीट सांगितलं.

ती फाइल होती. आधी आम्ही मागचे रविवार बघितले. बारा नंबरच्या ओळी सगळीकडे जोडीनं. एक, आणि सेकंदाभरानं दुसरी. दहा वाजता, साडेबाराला, तीनला. आणि दर रविवारी पाचच्या आसपास एक जोडी, तिच्यामागून सिस्टरचं 'पाहिलं' नाही, कारण ती बेल सिस्टरसाठी नसायचीच. ती माझी. मी त्या जोड्यांवरून बोट फिरवलं. कितीतरी रविवार होते.

मग तो रविवार. सकाळपासून सगळ्या जोड्या. आणि मग:

चार वाजून सतरा मिनिटं आठ सेकंद, खोली बारा, बेल.

चार वाजून सतरा मिनिटं एकतीस सेकंद, खोली बारा, पाहिलं.

आणि मग अठरापासून तेहतीसपर्यंत खोली बाराच्या बेलच बेल. अर्ध्या मिनिटानं, पाऊण मिनिटानं, पुन्हा अर्ध्या मिनिटानं. जोडीनं नाहीत, एकेक. सव्वीस होत्या. छाती दाबता दाबता मधेच हात काढून दाबलेल्या. डेस्कवर बेल वाजत होती आणि ती ऐकायचं जिचं काम होतं ती आत होती. सिस्टर बोलल्या होत्या तो शब्द न् शब्द तिथे वेळेसकट होता. तेवीस सेकंदांत त्या पोचल्या होत्या.

मी सतरा मिनिटं आठ सेकंदांच्या ओळीवर परत आले. खाली बघितलं, दुसरी ओळ शोधली. नव्हती.

"एखादी विनंती वाटेत हरवू शकते," भिंग म्हणाला. "खोलीपासून सर्व्हरपर्यंत वायरलेस आहे. दोनदा दाबलं असेल, एक पोचली नसेल."

तो फार चांगला माणूस आहे. त्याच्या त्या वाक्यात मी थोडा वेळ राहून बघितलं. मग फोन काढला. माझा कॉल चार पंधराला सुरू, चार सव्वीसला बंद. म्हणजे सतराला मी जिन्यात. फोन कानाला. ग्राहक म्हणत होता, आकाशी नको हो, आकाशी फार फिकट. मी म्हणाले, मग गडद देते. वर बेल वाजली. टिंग. तो म्हणाला, गडद पण किती गडद ते बघा. मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा तिथे गेले. टिंग, आणि गडद पण किती गडद. मधे काही नव्हतं. दुसरी बेल माझ्या सवयीनं वाजवली होती. तीन वर्षं दोन ऐकलेल्या कानाला एकीवरच समाधान झालं, आणि मी पुढचं पाऊल टाकलं.

अण्णांनी मला सोडलं नव्हतं. अण्णांनी गाडी थांबवायची बेल दिली होती. माझं शाळेत जायचं वय नव्हतं तेव्हापासून ती मला कळत होती.

शुक्रवारी अकराला मी समितीसमोर ते कागद ठेवले. काय झालं, कुणामुळे झालं, कोणत्या तारखेला झालं, सगळं सांगितलं. तक्रार मागे घेतली आणि माझा जबाब चुकीचा आहे असं लिहून दिलं. सूचनाफलकानं विचारलं, "म्हणजे तुम्ही दोन बेल ऐकल्या नाहीत?" मी म्हटलं, "एकच वाजली होती. सिस्टर खरं बोलत होत्या." त्यानं ते लिहून घेतलं. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. दादाला संध्याकाळी सगळं सांगितलं.

बैठकीनंतर मी पहिल्या मजल्यावर गेले. सिस्टर डेस्कवर होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्म्याला दोरी. डेस्क अगदी जिन्याच्या तोंडाशी आहे, आणि बारा नंबर जिन्याच्या पलीकडे, कॉरिडॉरच्या टोकाला. हे मी शेकडो वेळा बघितलं होतं. माफी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि ते अंतर डोळ्यांसमोर आलं. डेस्कपासून बारा नंबरला पळत जायचं तर जिन्यासमोरूनच जावं लागतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही गेलात तेव्हा मी जिन्यात होते."

त्यांनी समोरचं रजिस्टर उगीच सरळ केलं.

"मी दिसले होते तुम्हाला?"

"तुम्ही फोनवर होता, ताई."

"दिसले होते का?"

"हाक मारली होती मी," त्या म्हणाल्या. "ताई, अहो ताई, म्हणून. तुम्ही मागे न बघता हात वर केलात. मला वाटलं ऐकलंत, येताय मागून. थांबायला वेळ नव्हता."

तो हात मला आठवला नाही. पण माझाच असणार, फोनवर असले की मी सगळ्यांना तोच हात दाखवते. त्या दिवशी अण्णांनाही तोच दाखवला होता.

"हे तुम्ही समितीला का नाही सांगितलंत? नोकरी जात होती तुमची."

"सांगणार होते. पहिल्या दिवशी जिभेवर आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांच्या खोलीत त्यांची चप्पल हातात घेऊन बसला होता. मग नाही सांगवलं. आणि सांगून काय, कंडक्टर थोडेच परत येणार होते? माझी बेल होती, मी गेले. मला तेवढं पुरे होतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी दुसऱ्या हातानं माझा हात थोपटला. मी त्यांच्यावर तक्रार केली होती आणि त्या मला थोपटत होत्या. याहून कोणी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"त्यांनी काही म्हटलं का?" मी विचारलं.

"बोलता येत नव्हतं हो. दाराकडे बघत होते."

त्यांनी एवढंच सांगितलं, आणि मग डोळे पुसून म्हणाल्या, "जा आता. जेवून घ्या काहीतरी. तोंड बघा कसं झालंय."

मी निघाले. चाळणी मी आदल्या दिवशीच काढून टाकली होती. आता सगळ्या खोल्यांच्या सगळ्या बेल लिहिल्या जात होत्या. बारा नंबरला अजून कुणी आलेलं नव्हतं, बटण तारेला गुंडाळून ठेवलं होतं. मी जिना उतरायला लागले. सहा-सात पायऱ्या उतरले असेन, वर डेस्कवर बेल वाजली.

मी थांबले. वर सिस्टरांची खुर्ची सरकली, त्यांच्या चपलांचा आवाज लगबगीनं जिन्यासमोरून पलीकडे गेला. कुणाची होती, पाच नंबरची की नऊची, कोण जाणे. मी कठड्याला धरून, दुसरी वाजते का याची वाट बघत तिथेच उभी राहिले.